सायकलवर दोस्तांच्या गावी निघालात? या चुका टाळा

दर डिसेंबरात कुणीतरी मेसेज करतंच, बीडहून लातूरला सायकलवर निघालोय, केजला एक दोस्त, अंबाजोगाईला एक, काही टिप्स सांगा. सांगितलं तर ऐकत नाहीत आणि चाक बसलं की फोन परत मलाच.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे पंक्चर झालं की नुसती ट्यूब बदलायची न् निघायचं. अरे पण काटा कुठंय? रस्त्याकडेला बाभळीच बाभळी, काटा टायरात घुसतो, बाहेरून मोडतो आणि आतलं टोक तसंच राहतं. मी पण केलंय हे. केज सोडलं, अंबाजोगाईत दोस्ताच्या घरचे माझ्यासाठी जेवायला थांबलेले, आणि वाटेतच मागचं चाक बसलं. घाईत नवी ट्यूब टाकली, दोन किमी गेलो नाही तर परत फुस्स, त्याच जागी. स्पेअर एकच होती, सोल्युशन उघडलं तर आत वाळून खडा. लोखंडी सावरगावपर्यंत ढकलत गेलो. तिथल्या पंक्चरवाल्यानं पॅचला हात लावायच्या आधी झुडपाला अडकलेला कापूस तोडला, कापसाच्या गाड्या जातात तेव्हा सगळीकडं लोंबतच असतो तो, आणि बोळा करून टायरच्या आतून फिरवला. एका जागी धागे अडकले. तिथंच काळं टोक, तांदळाच्या दाण्याएवढं पण नाही. तेव्हापासून माझ्या पिशवीत कापूस असतोच. बोट फिरवून बघणाऱ्यांनी खुशाल बघावं, रक्त निघालं तर मला फोटो पाठवू नका. आणि ट्यूबमध्ये सीलंट, म्हणजे भोक आपोआप बुजवणारं द्रव, ओतलं की टेन्शन नाही म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांचा पण दिवस येतो.

बारीक तोंडाचा व्हॉल्व असेल तर पितळी अडॅप्टर घ्या, छोटीशी वस्तू. गावातल्या हवेवाल्याकडं त्याचं नोझल नसतं.

दुसरं, "अर्ध्या तासात आलोच" असं फोनवर सांगू नका. तुम्ही नेकनूरला चहा पीत असता आणि तिकडं काकूंनी भाकरी थापायला घेतलेली असते. त्या पंक्चरच्या दिवशी मी तीन तास उशिरा पोचलो, काकू काही बोलल्या नाहीत, नुसता तवा परत चुलीवर ठेवला. शिव्या परवडल्या असत्या. आता मी फक्त निघालो एवढंच कळवतो, आणि दिवसात जेवण एकाच घरी, बाकी ठिकाणी चहा. आदल्या दिवशी बजावून सांगतो तरी पिठलं-ठेचा पुढ्यात येतोच, तो भाग वेगळा.

अंधार पडल्यावर चालवू नका, हंगामात उसाचे दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर असतात, कित्येकांना मागं लाईटच नसते.

उन्हाळ्यात कुणाच्या घरच्या प्यायच्या पाण्यानं तोंड धुवत बसू नका. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं.

पावसाळ्यात शॉर्टकट म्हणून शेतरस्त्यानं घुसू नका, काळी माती मडगार्डात बसली की चाक फिरतच नाही.

आणि सीटची उंची निघायच्या आठ दिवस आधी बघा, बरदापूरला गुडघा धरल्यावर नाही.