गेम मास्टरसाठी: रोलप्लेइंग गेमचं सेशन रंगवायचं कसं

रोलप्लेइंग गेममध्ये प्रत्येक खेळाडू एका पात्राच्या (कॅरेक्टरच्या) वतीने निर्णय घेतो आणि गेम मास्टर बाकीचं सगळं जग चालवतो. सेशन, म्हणजे खेळाची एक बैठक, कंटाळवाणं झालं की बरेच गेम मास्टर कथानकाला दोष देतात आणि पुढच्या वेळी आणखी दहा पानं लिहून आणतात. दुखणं बहुधा तिथे नसतंच. खेळाडूंना शेवटचा खरा निर्णय घेऊन किती वेळ झाला, ते घड्याळात पाहा. वीस मिनिटं उलटली असतील, तर कितीही भारी ड्रॅगन आणलात तरी कोणीतरी मोबाइल उघडणारच. खालची सगळी खटपट हे अंतर कमी करण्यासाठी आहे.

१. तयारीत गोष्ट नको, पेच हवा

तीन-चार तासांच्या सेशनची तयारी एका पानात बसायला हवी. ‘खेळाडू सरदाराची सुटका करतात’ असं लिहिलंत की तुम्ही शेवट ठरवून बसलात. खेळाडू वेगळ्या वाटेने गेले की त्यांना ओढून आणावं लागतं. त्याऐवजी असं लिहा: सरदार तळघरात कैद आहे, पहाटे त्याला नावेतून हलवणार आहेत, पहारेकरी ६, त्यातल्या एकाचा पगार तीन महिने थकलाय. आता लाच देता येते, नाव फोडता येते, पहारेकऱ्यांचा वेष घेता येतो. यातलं काय होईल हे तुम्हालाही माहीत नसतं, आणि मजा तिथेच आहे.

पानावर एवढंच ठेवा: सुरुवातीचा प्रसंग, तीन-चार ठिकाणं, तीन पात्रं (प्रत्येकाला काय हवंय आणि कशाची भीती वाटते), आणि खेळाडूंनी काहीच केलं नाही तर काय होईल ते. शिवाय दहा नावांची यादी. खेळाडू नेमकी रस्त्यावरच्या भाजीवाल्याशीच मैत्री करतात, तेव्हा ती लागते.

पुढे जायला जी माहिती लागणारच, तिच्या निदान तीन वाटा ठेवा. पहिला धागा खेळाडूंच्या नजरेतून सुटतो, दुसऱ्याचा ते भलताच अर्थ लावतात, तिसरा हाती लागतो. गुप्त दरवाजा फक्त फासा टाकूनच सापडणार असेल आणि तो रोल (फाशाची टाक) फसला, तर सगळ्या सेशनचं घोडं तिथेच अडतं.

२. वर्णन थोडक्यात, प्रश्न लगेच

मागच्या वेळी काय झालं ते तुम्ही सांगू नका, एखाद्या खेळाडूला सांगू द्या. त्याला काय आठवतंय त्यावरून काय आवडलं तेही कळतं. मग थेट प्रसंगात उतरा.

वर्णनाला तीन-चार वाक्यं पुरतात: काय दिसतं, काय ऐकू येतं किंवा अंगाला जाणवतं, आणि काय बदलतंय. मग एकाच खेळाडूला विचारा:

‘भुयारात पाणी घोट्यापर्यंत आहे, बर्फासारखं गार. पुढे अंधारात लोखंड दगडावर घासल्याचा आवाज येतोय. तो आत्ता थांबला. मशाल तुझ्या हातात आहे. काय करतेस?’

‘तुम्ही सगळे काय करता?’ असं विचारलं की एकतर शांतता पसरते, नाहीतर नेहमीचा मोठ्या आवाजाचा खेळाडू सगळ्यांच्या वतीने उत्तर देतो.

३. फासा कधी टाकायचा

फसण्याची शक्यता आहे आणि फसल्यावर काहीतरी घडणार आहे, तेव्हाच. कुलूप उघडलं नाही, पुन्हा टाक, पुन्हा टाक, हा खेळ नव्हे. रोल फसला तर कुलूप उघडू द्या, पण आवाज वरच्या मजल्यापर्यंत जाऊ द्या. आणि काय पणाला लागलंय ते फासा हातात असतानाच सांगा.

थोडं गणित इथे उपयोगी पडतं. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीत (२०१४) मध्यम अवघड कामाची पातळी १५ असते, म्हणजे फाशावरचा आकडा आणि कॅरेक्टरचा बोनस मिळून निदान १५ व्हायला हवेत. +५ बोनस असलेल्या कॅरेक्टरला वीस बाजूंच्या फाशावर १० किंवा जास्त लागतात, म्हणजे यशाची शक्यता ५५ टक्के. ‘कुशल’ चोरसुद्धा जवळजवळ निम्म्या वेळा फसतो. आता चौघांना लपतछपत जायचंय, प्रत्येकाची शक्यता ५५ टक्के, आणि एक जरी फसला तरी सगळे पकडले जाणार असं तुम्ही ठरवलंत, तर गट सुखरूप निसटण्याची शक्यता उरते जेमतेम ९ टक्के. मग खेळाडू लपून जाणं सोडूनच देतात आणि दर वेळी तलवार उपसतात. ‘निम्मे किंवा जास्त यशस्वी, तर गट यशस्वी’ हा गट-रोलचा नियम लावला की तीच शक्यता सुमारे ७६ टक्क्यांवर जाते.

४. लढाई रेंगाळू देऊ नका

चार खेळाडू आणि तुम्ही, प्रत्येकाच्या पाळीला तीन मिनिटं, म्हणजे प्रत्येक खेळाडू बारा मिनिटं नुसता ताटकळतो. उपाय साधे आहेत. पाळ्यांचा क्रम सगळ्यांना दिसेल असा मांडा. ‘आता तुझी पाळी, त्यानंतर हिची’ असं आधीच सांगा. हल्ल्याचा आणि इजेचा (घाव किती मोठा ते ठरवणारा) फासा एकत्र टाकायला लावा. राक्षसांच्या इजेसाठी नियमपुस्तकात छापलेली सरासरी वापरा. गॉब्लिन या किरकोळ राक्षसाच्या तलवारीला ५, विषय संपला.

‘सगळ्यांना मारा’ यापलीकडे काहीतरी उद्दिष्ट द्या: तीन फेऱ्यांत (फेरी म्हणजे सगळ्यांची एकेक पाळी) वेशीचा दरवाजा बंद होतोय, किंवा एक शत्रू घंटेकडे पळत सुटलाय. एकटा खलनायक मात्र टाळा. चौघांच्या चार पाळ्यांना त्याची एकच, त्यामुळे दुसऱ्या फेरीतच त्याचा भुगा होतो. सोबत चार-पाच किरकोळ साथीदार ठेवा. निकाल स्पष्ट झाला की उरलेले शत्रू पळू द्या किंवा शरण येऊ द्या. शेवटच्या गॉब्लिनच्या जिवाचे शेवटचे दोन गुण मोजण्यात कोणालाच रस नसतो.

लढाईबाहेर हाच ताण हवा असेल तर कागदावर सहा भागांचं वर्तुळ काढून टेबलावर ठेवा. खेळाडूंनी वेळ घालवला किंवा रोल फसला की एक भाग भरा. वर्तुळ भरलं की सरदाराला नेणारी नाव निघाली. चार भाग भरले की खेळाडू आपोआप भराभर ठरवू लागतात.

५. गप्प बसणारे

प्रत्येकाच्या नावापुढे, त्याला मोकळा वाव मिळाला की एक रेघ मारा. तासाभराने कोण मागे पडलंय ते दिसतं. त्याला ‘बोल ना काहीतरी’ म्हणू नका. त्याच्या कॅरेक्टरला ठाऊक असेल अशी नेमकी गोष्ट विचारा: ‘हा शिक्का तुझ्या गुरुकुलाचा आहे. तो इथे का असेल?’ आवाज बदलून अभिनय करायची सक्ती नको. ‘माझी योद्धी त्याला धमकावते’ हेही रोलप्लेच आहे.

कोणते विषय टेबलावर नकोत ते पहिल्या सेशनआधी ठरवा, आणि मधेच कोणी ‘थांबा’ म्हटलं तर कारण न विचारता प्रसंग बदला.

६. शेवटची पंधरा मिनिटं

ती राखून ठेवा. अनुभवाचे गुण, लुटीची वाटणी उरकली की फक्त विचारा: पुढच्या वेळी तुम्ही कुठे जाणार? उत्तर लिहून घ्या आणि पुढच्या पानाची तयारी तेवढ्याचीच करा.