मृत्युपत्र करण्यासाठी वकिलाकडे जाताना

मृत्युपत्र वाचले जाते तेव्हा त्यातील शब्दांचा खुलासा करायला ते लिहिणारा माणूस हयात नसतो. एखाद्या करारात संदिग्धता राहिली तर दोन्ही पक्षांना विचारता येते. मृत्युपत्रात ती राहिली तर मुख्यतः कागदावरूनच अर्थ लावावा लागतो, आणि तो अर्थ एकाच घरातली माणसे परस्परविरोधी लावतात. म्हणूनच वकिलाशी होणारी पहिली बैठक हा मला या कामातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा वाटतो. मसुदा चांगला लिहिणे हे वकिलाचे काम आहे. पण त्याला सांगितलेच गेले नाही, ते मसुद्यात येणे शक्य नसते.

या बैठकीपूर्वी दोन याद्या तयार कराव्यात. पहिली मालमत्तेची. घर, जमीन, बँकेतील ठेवी, शेअर, विमा, निवृत्तिवेतन निधी, दागिने, व्यवसायातील हिस्सा आणि इतरांकडून येणे असलेल्या रकमा यांची नोंद करताना प्रत्येकीपुढे ती कोणाच्या नावावर आहे, तिच्यावर कर्ज किंवा तारण आहे का आणि तिची मूळ कागदपत्रे कोठे आहेत, हेही लिहावे. देणी लपवू नयेत, कारण मृत्यूनंतर मालमत्तेतून आधी देणी फेडली जातात आणि उरलेल्या भागाचीच वाटणी होते. दुसरी यादी माणसांची. तीत ज्यांना काही द्यायचे आहे त्यांच्याबरोबरच ज्यांना काहीही द्यायचे नाही, पण जे हक्क सांगू शकतात, त्यांचीही नावे असावीत: आधीच्या विवाहातील मुले, दत्तक मूल, घटस्फोटित जोडीदार, आपल्यावर अवलंबून असलेले भाऊ-बहीण. ही दुसरी यादी करताना अनेकांचा हात अडखळतो, हे स्वाभाविक आहे. तरीही ती पूर्ण करावी. इंग्लंडमधील बँक्स विरुद्ध गुडफेलो या १८७० च्या निकालाने मृत्युपत्र करण्याच्या मानसिक क्षमतेची कसोटी सांगितली. आपण काय करत आहोत, आपली मालमत्ता साधारण किती आहे आणि आपल्यावर कोणाचा हक्क पोहोचतो, याची जाणीव त्या व्यक्तीला असली पाहिजे आणि तिचा निर्णय कोणत्याही भ्रमाच्या आहारी जाऊन घेतलेला नसावा, अशी ती कसोटी आहे. या दोन याद्या वकिलाच्या फाइलमध्ये असणे हा त्या जाणिवेचा चांगला पुरावा ठरतो.

यानंतर वकिलाला विचारायचा प्रश्न असा: यातील कोणती मालमत्ता मृत्युपत्राने देता येते आणि कोणती त्याच्या बाहेरच राहते? सर्वांत महागड्या चुका मला येथेच दिसतात. संयुक्त मालकी काही प्रकारांत अशी असते, की एकाच्या मृत्यूनंतर त्याचा हिस्सा आपोआप हयात मालकाकडे जातो. मृत्युपत्रात तो मुलीच्या नावे लिहिला असला तरी तिला काही मिळत नाही. दुसऱ्या प्रकारात मात्र प्रत्येकाचा हिस्सा वेगळा असतो आणि तो मृत्युपत्राने देता येतो. विमा व निवृत्तिनिधी यांच्या बाबतीत नियम देशागणिक बदलतात. अमेरिकेत अशा खात्यांवर नोंदवलेल्या लाभार्थ्याला पैसे सामान्यतः थेट मिळतात आणि मृत्युपत्रातील मजकुराचा तेथे उपयोग होत नाही. भारतात शेअरच्या नामनिर्देशनाबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले, की नॉमिनी केवळ नामनिर्देशनामुळे मालक होत नाही आणि वारसाहक्काचा कायदा बाजूला सारला जात नाही. तेव्हा वीस वर्षांपूर्वी भरलेला नामनिर्देशनाचा प्रत्येक अर्ज शोधून काढावा आणि तो नव्या इच्छेशी जुळतो का, हे वकिलासमोर बसून तपासावे.

स्वतःची मालमत्ताही सर्वत्र मनाप्रमाणे देता येत नाही. फ्रान्सच्या दिवाणी संहितेनुसार एक मूल असेल तर निम्मी, दोन असतील तर दोन तृतीयांश आणि तीन किंवा अधिक असतील तर तीन चतुर्थांश मालमत्ता मुलांसाठी राखीव असते. मुस्लिम वैयक्तिक कायद्यात, वारसांची संमती नसेल तर, सामान्यतः एक तृतीयांशापर्यंतच मृत्युपत्र करता येते. इंग्लंडमध्ये देण्याचे स्वातंत्र्य व्यापक आहे. तरी १९७५ च्या कायद्याखाली जोडीदार, मुले आणि आश्रित पुरेशी तरतूद मागण्यासाठी न्यायालयात जाऊ शकतात. मालमत्ता दोन देशांत असेल तर हे पहिल्याच बैठकीत सांगावे, कारण अशा वेळी प्रत्येक ठिकाणच्या वकिलाचा सल्ला लागू शकतो आणि एका देशासाठी केलेले मृत्युपत्र चुकून दुसऱ्या देशातील मृत्युपत्र रद्द करू शकते.

वकिलाला एकट्याने भेटावे, असा माझा आग्रह आहे. ज्या मुलाला मोठा वाटा मिळणार आहे तोच वकील ठरवतो, गाडीने घेऊन येतो आणि शेजारी बसून उत्तरे देतो, तेव्हा त्याचा हेतू कितीही निर्मळ असला तरी पुढे दबावाचा आरोप सहज होतो. वय झाले असेल किंवा गंभीर आजार असेल तर त्याच सुमारास डॉक्टरांकडून मानसिक क्षमतेचे प्रमाणपत्र घ्यावे. एखाद्या वारसाला वगळायचे असेल तर तो विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे, हे मृत्युपत्रात संयत शब्दांत नमूद करावे. राग मात्र कागदावर उतरवू नये.

मसुदा हाती आला की प्रत्येक कलमाला “आणि तसे झाले नाही तर?” हा प्रश्न विचारून पाहावा. समजा, घर मुलीला आणि ठेवी मुलाला असे लिहिले. दहा वर्षांनी घर विकून त्याची रक्कम ठेवीत टाकली, तर मृत्यूच्या वेळी घर अस्तित्वातच नसते आणि अनेक कायद्यांत मुलीची देणगी लोप पावते. सगळे मुलाकडे जाते, जे कोणाच्याही मनात नव्हते. म्हणून ठरावीक वस्तूंपेक्षा एकूण मालमत्तेतील हिस्से लिहिणे बहुधा अधिक सुरक्षित असते. लाभार्थी आपल्याआधी वारला तर त्याचा वाटा कोणाला, हेही लिहावे. ज्याचा उल्लेख राहून गेला ती सारी मालमत्ता कोणाकडे जाईल, हे सांगणारे शेवटचे कलम तर अत्यावश्यक आहे, कारण ते नसेल तर तेवढ्या भागापुरते मृत्युपत्र नसल्यासारखेच होते. अल्पवयीन मुलांसाठी पालक सुचवावा, त्यांची मालमत्ता सांभाळणारा विश्वस्त नेमावा आणि ती कोणत्या वयात हाती द्यायची, तेही ठरवावे. मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा व्यवस्थापक हिशेबाला चोख आणि शक्यतो आपल्यापेक्षा वयाने लहान असावा. त्याची संमती आधी घ्यावी आणि एक पर्यायी नाव द्यावे.

सहीच्या वेळी घाई करू नये. भारतीय वारसा अधिनियम, १९२५ च्या कलम ६३ नुसार किमान दोन साक्षीदार लागतात. प्रत्येकाने मृत्युपत्रकर्त्याला सही करताना पाहिलेले असावे किंवा त्याच्याकडून त्या सहीची कबुली ऐकलेली असावी, आणि मग त्याच्यासमोर स्वतः सही करावी. इंग्लंडच्या १८३७ च्या कायद्यात दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर असावे लागतात, आणि साक्षीदाराला किंवा त्याच्या जोडीदाराला दिलेली देणगी निरर्थक ठरते. त्यामुळे कायदा कोणताही असो, ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये. भारतात मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक आहे. तरी वाद संभवत असेल तर ती करून घ्यावी.

सही झालेल्या प्रतीवर नंतर पेनाने खाडाखोड करू नये. छोट्या बदलासाठी पुरवणी मृत्युपत्र आणि मोठ्या बदलासाठी नवे मृत्युपत्र करावे, व तेही साक्षीदारांसमोर. विवाह, घटस्फोट, अपत्यजन्म, लाभार्थ्याचा मृत्यू किंवा मोठी खरेदी-विक्री झाली की वकिलाकडे पुन्हा जावे. इंग्लंडमध्ये विवाहाने आधीचे मृत्युपत्र सामान्यतः रद्द होते, ही गोष्ट तेथे राहणाऱ्या पुष्कळ जोडप्यांना ठाऊक नसते. खात्यांचे पासवर्ड मृत्युपत्रात लिहू नयेत, कारण ते न्यायालयात दाखल झाले की इतरांच्याही पाहण्यात येऊ शकते. त्यांची नोंद स्वतंत्र ठेवावी. मूळ प्रत वकिलाकडे किंवा अग्निरोधक तिजोरीत असावी. केवळ आपल्याच नावावर असलेल्या बँक लॉकरमध्ये ती ठेवली, तर मृत्यूनंतर लॉकर उघडण्यासाठी लागणारे कागद मिळवताना मृत्युपत्रच आत अडकून पडण्याचा धोका असतो. ती कोठे आहे, हे व्यवस्थापकाला लेखी कळवावे आणि जुन्या मृत्युपत्राच्या प्रतींचे काय करायचे, हे वकिलाला विचारून त्याच दिवशी उरकून टाकावे.