कणीक आणि बेदाण्यांतून ध्रुवीय पिंड कसे समजवावेत

अंडपेशी पक्व होताना तिच्यातून दोन-तीन चिमुकल्या पेशी बाहेर पडतात. त्यांना ध्रुवीय पिंड म्हणतात, कॉलेजात पोलर बॉडी. पुतणीला व्याख्या तोंडपाठ होती, तरी तिने विचारलं, "पिंड एवढासा, म्हणजे त्यात गुणसूत्रंही कमीच ना काका?" चित्र काढून पटेना, तेव्हा परात ओढली. सांगलीतल्या घरात तासगावचे बेदाणे असतातच.

साहित्य: मुठीएवढा कणकेचा गोळा, तीन पिवळे बेदाणे, तीन काळे, एक जिऱ्याचा दाणा. ज्वारीचं पीठ नको, तडे जातात.

पायरी १. प्रत्येक रंगाचे दोन अख्खे बेदाणे एकमेकांना चिकटवा. तिसरा मधोमध कापून दोन्ही तुकडे चिकटवा. प्रत्येक जोडी म्हणजे दुप्पट झालेलं एक गुणसूत्र. माणसात अशी ४६ असतात, आपण चारांवर भागवू. पिवळी वडिलांकडची, काळी आईकडची. (खऱ्या पेशीत त्यांची आपसांत थोडी अदलाबदलही होते, ती इथे सोडून देऊ.)

पायरी २. चारही जोड्या गोळ्याच्या कडेला रोवा, मोठीसमोर मोठी, छोटीसमोर छोटी. मधोमध रोवलंत तर सगळं फसलं! खऱ्या अंडपेशीतही गुणसूत्रं ओढणारी तर्कू कडेलाच असते, म्हणून तुकडा लहान पडतो. आता एक मोठी आणि एक छोटी जोडी घेऊन बोराएवढा तुकडा तोडा. कोणत्या रंगाची, ते नशिबावर. हा पहिला पिंड. मोजा: इकडे दोन जोड्या, तिकडेही दोनच. माणसात २३-२३.

वाटणीत सातबाऱ्यावर दोन्ही भावांची नावं सारखी लागावीत आणि विहीर मात्र एकाच्याच रानात राहावी, तसं हे. कणीक, म्हणजे गर्भाच्या सुरुवातीची शिदोरी, जवळजवळ सगळी अंडपेशीकडे. शुक्रपेशी बनताना मात्र चौघांना सारखा वाटा मिळतो.

आता हात थांबवा. पहिलं विभाजन मुलीच्या जन्माआधीच सुरू होऊन वर्षानुवर्षं अडून राहतं आणि बीज सुटण्याच्या जरासं आधी पुरं होतं. दुसरंही लगेच सुरू होऊन अर्ध्यावर अडतं.

पायरी ३. जिरं गोळ्यात खुपसा, ही शुक्रपेशी. ती आल्यावरच दुसरं विभाजन संपतं. गोळ्यातल्या जोड्या उकला, एक अख्खा बेदाणा आणि एक अर्धुक घेऊन हरभऱ्याएवढा तुकडा तोडा. हा दुसरा पिंड. कधी पहिलाही पुन्हा दुभंगतो, मग तीन होतात.

आता एक चूक मुद्दाम करून बघा. पायरी २ मध्ये दोन्ही छोट्या जोड्या गोळ्यातच राहू द्या. २१ व्या गुणसूत्राबाबत असं झालं आणि गर्भात त्याच्या तीन प्रती आल्या, तर डाउन सिंड्रोम होतो.

तोडलेले तुकडे टाकू नका. गोळ्याला लागूनच ठेवून वरून पातळ प्लास्टिक गुंडाळा. पिंड अंडपेशीच्या आवरणाच्या आतच राहतात आणि तिथेच विरून जातात. टेस्ट ट्यूब बेबीच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली पहिला पिंड दिसला, की बीज पक्व झालं असं धरतात.