लेणी-मंदिरं पाहताना या चुका टाळा

अजिंठ्याला पहिल्यांदा गेलो तेव्हा मी लेणं क्रमांक १ पासून निघालो. १० पर्यंत पोचताना पाय आणि डोळे दोन्ही थकले होते. ‘साधंच आहे’ म्हणत पुढे सरकलो. नेमकं चुकलो. तिथले क्रमांक डोंगराच्या कडेने ओळीत दिलेत, वयाप्रमाणे नाहीत. ९ आणि १० ही इसवी सनापूर्वीची चैत्यगृहं, म्हणजे स्तूप असलेली प्रार्थनेची दालनं, तर १ आणि २ पाचव्या शतकातली, वाकाटक राजांच्या काळातली. म्हणून आधी १० मध्ये जा. मध्यभागी नुसता स्तूप, बुद्धमूर्ती कोरलेली नाही. मग थेट १९ किंवा २६ गाठा: तिथल्या स्तूपाच्या दर्शनी भागावर बुद्ध प्रकट झालेले दिसतात. मधली पाचशे-सहाशे वर्षं या एका फरकात कळतात.

काळ्या दगडाचं देऊळ दिसलं की ‘हेमाडपंती’ म्हणून मोकळं होणं ही तर आपली लाडकी सवय. हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत देवगिरीच्या यादवांचा मंत्री, तेराव्या शतकातला. अंबरनाथचं शिवमंदिर शिलाहार राजांच्या राज्यातलं, शके ९८२ म्हणजे इ.स. १०६० चं. हेमाडपंताच्या कितीतरी आधीचं! ‘हेमाडपंती’ची खूण मानली जाणारी, चुन्याशिवाय दगडात दगड बसवायची रीतही त्याच्या आधीपासूनची. देवळाची जात ओळखायची तर शिखर बघा. उभ्या पट्ट्यांच्या मधोमध इवल्या शिखरांच्या रांगा वर चढत गेल्या असतील तर ते भूमिज शैलीचं. सिन्नरच्या गोंदेश्वरावर ते छान शाबूत आहे.

भाजे लेण्यात खांब आत कललेले दिसले तर ‘खचलेत’ समजू नका. लाकडी इमारतीत छताचा भार पेलायला खांब तसे कलते ठेवत. कारागिरांनी ती सवय दगडातही उतरवली. खडकात कोरलेल्या छताला खरं तर आधाराची गरजच नसते. कार्ल्याच्या छताला तर खरे लाकडी वासे आजही आहेत, मान वर करून पाहायचं तेवढं राहतं.

वेरूळचं कैलास ‘बांधलं’ म्हणू नका. राष्ट्रकूट कृष्ण पहिला याच्या काळात, आठव्या शतकात, ते डोंगरातून वरून खाली कोरत आणलं. म्हणजे शिखर आधी, जोतं नंतर.

ध्यानस्थ मूर्ती दिसली की बुद्ध की जैन तीर्थंकर, हा गोंधळ हमखास होतो. आधी अंगावर वस्त्राची कड दिसते का बघा. दिसली तर बहुधा बुद्ध. छातीवर श्रीवत्स हे चिन्ह किंवा मूर्ती दिगंबर असेल तर तीर्थंकर. डोक्यावर नागफणा एवढ्यावरून मात्र निकाल देऊ नका: पार्श्वनाथ तीर्थंकरावर तो असतो, तसा मुचलिंद नागाच्या छायेतल्या बुद्धावरही.

आणि घारापुरीची ‘त्रिमूर्ती’? ते ब्रह्मा-विष्णू-महेश नव्हेत, तिन्ही मुखं शिवाचीच. एका बाजूला उग्र अघोर, दुसरीकडे कोमल वामदेव, आणि मधे डोळे मिटलेला शांत चेहरा.