दरोड्याच्या केसमध्ये बचाव करताना: नव्याने फौजदारी प्रॅक्टिस सुरू करणाऱ्यांसाठी

सशस्त्र घरफोडीची किंवा दरोड्याची केस आली की ज्युनिअर आधी कलमं बघतात. तुम्ही आधी फिर्याद वाचा, आणि आरोपी जितके असतील तितक्या वेळा वाचा, दर वेळी एकाच आरोपीवर लक्ष ठेवून. "चाकूचा धाक दाखवून त्यांनी दागिने नेले" एवढ्यावर चार्जशीट उभी राहते. आपला प्रश्न वेगळा असतो: चाकू कोणाच्या हातात होता?

भारतीय न्याय संहितेचं कलम 311, म्हणजे जुन्या भारतीय दंड विधानाचं (भादंवि) 397, लागलं की किमान सात वर्षं. न्यायाधीशांना त्याखाली येता येत नाही. पण हे कलम स्वतः प्राणघातक शस्त्र वापरणाऱ्या, गंभीर दुखापत करणाऱ्या किंवा ठार मारायचा वा तशी दुखापत करायचा प्रयत्न करणाऱ्यापुरतंच आहे, शेजारी उभ्या असलेल्या साथीदाराला ते चिकटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1975 मध्ये फूलकुमारच्या निकालात हे सांगितलं. त्याच निकालाची दुसरी बाजूही लक्षात ठेवा: शस्त्र समोरच्याला दिसेल असं धरून धाक घातला, तरी तो वापरच. त्यामुळे "कोणी जखमी नाही" हा युक्तिवाद इथे चालत नाही. घटना 1 जुलै 2024 पूर्वीची असेल तर गुन्ह्याची कलमं भादंविचीच राहतात, हेही तपासा.

दरोड्याला पाच जण लागतात. पाचपेक्षा कमी पकडले गेले म्हणून दरोडा गळत नाही, पण घटनेच्या वेळी किमान पाच जण होते हे सरकार पक्षाला सिद्ध करावंच लागतं.

खरी लढाई ओळखीवर होते. रात्रीची वेळ, तोंडाला रुमाल, घाबरलेलं घर. फिर्यादीत वर्णन "अनोळखी इसम, अंदाजे 25 ते 30 वय" एवढंच, आणि पुरवणी जबाबात अचानक गालावरचा व्रण येतो. ही वगळ, म्हणजे आधीच्या जबाबात नसलेली गोष्ट, कोर्टासमोर रीतसर सिद्ध करून घ्या. नुसतं बोट दाखवून भागत नाही. अटकेची तारीख, ओळख परेडची तारीख आणि मधल्या काळात आरोपीला बुरख्यात नेल्याची स्टेशन डायरीतली नोंद एकाच कागदावर मांडा. आरोपीसोबत रांगेत उभे केलेले डमी कसे निवडले? व्रण असलेला आरोपी एकटाच रांगेत उभा होता का? चेहरे वर्तमानपत्रात आधीच छापून आले होते का? परेड हा मूळ पुरावा नव्हे, कोर्टातल्या ओळखीला तो फक्त दुजोरा देतो.

मग जप्ती. निवेदन पंचनाम्यात, म्हणजे वस्तू दाखवण्याआधी पंचांसमोर लिहिलेल्या आरोपीच्या निवेदनात, त्याच्या बोलण्याचा जो भाग वस्तू सापडण्याशी थेट जोडलेला आहे तेवढाच ग्राह्य; "मी दरोडा घातला" हे वाक्य वाचू देऊ नका, तिथेच हरकत घ्या. मुद्देमालाचं सील, लेबलवर पंचांच्या सह्या, दागिन्यांचं फिर्यादीतलं वर्णन आणि जप्तीतलं वजन जुळवून पाहा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 प्रमाणे झडती-जप्तीचं चित्रीकरण हवं. ते मागून घ्या.

मकोका, म्हणजे महाराष्ट्राचा संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा, लागला असेल तर मंजुरीचे कागद आणि मागच्या दहा वर्षांतली चार्जशीटं आधी पाहा.

फिर्यादी बाईंची उलटतपासणी घेताना मात्र आवाज चढवू नका. दरोडा पडला हे बहुतेक वेळा आपल्यालाही नाकारायचं नसतं. त्यांना उजेड किती होता, कोण किती अंतरावर उभा होता, किती वेळ चेहरा दिसला एवढंच विचारा आणि बसा.