फेज शिफ्टरसाठी बीएसटी फिल्म कशी निवडावी आणि तपासावी

मायक्रोवेव्ह फेज शिफ्टरसाठी (व्होल्टेज बदलून सिग्नलची फेज सरकवणाऱ्या उपकरणासाठी) बेरियम स्ट्रॉन्शियम टायटनेट, म्हणजेच बीएसटी, वापरायचे ठरले की सर्वप्रथम बेरियम आणि स्ट्रॉन्शियम यांचे प्रमाण निश्चित करावे. बेरियम टायटनेटचे क्युरी तापमान, म्हणजे ज्याच्या खाली पदार्थात आपोआप विद्युत ध्रुवीकरण असते (फेरोइलेक्ट्रिक अवस्था) आणि ज्याच्या वर ते नसते (पॅराइलेक्ट्रिक अवस्था) ते तापमान, सुमारे 120 अंश सेल्सियस असते. स्ट्रॉन्शियम वाढवत गेल्यास ते उतरते आणि 60:40 प्रमाणाच्या सिरॅमिकमध्ये शून्य अंशाच्या आसपास येते. उपकरण ज्या तापमानाला चालणार आहे त्याच्या खाली क्युरी तापमान राहील असे मिश्रण घ्यावे, कारण पॅराइलेक्ट्रिक अवस्थेत हिस्टेरेसिस (व्होल्टेज वाढवताना आणि उतरवताना वेगळे उत्तर मिळणे) नसतो आणि लॉसही, म्हणजे सिग्नलची वाया जाणारी ऊर्जाही, कमी राहते. क्युरी तापमानाच्या अगदी लगत ट्यूनेबिलिटी (व्होल्टेजने परमिटिव्हिटी बदलता येण्याची क्षमता) भरपूर मिळते, परंतु तापमान जरा बदलले तरी परमिटिव्हिटी, म्हणजे पदार्थाचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक, बदलते. त्यामुळे थोडी ट्यूनेबिलिटी सोडून देणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

सिरॅमिक की थिन फिल्म, हा प्रश्न बहुधा व्होल्टेजवरच सुटतो. 1 मिलिमीटर जाडीच्या सिरॅमिकमध्ये दर मायक्रोमीटरला 2 व्होल्ट इतके क्षेत्र हवे असेल, तर 2000 व्होल्ट द्यावे लागतात. अर्ध्या मायक्रोमीटरच्या फिल्मवर 10 व्होल्टमध्येच याच्या दहापट क्षेत्र मिळते. फिल्म स्पटरिंगने (आयनांच्या माऱ्याने पदार्थ उडवून थर बसवण्याच्या पद्धतीने) बसवल्यावर ऑक्सिजनमध्ये ॲनीलिंग करावे, म्हणजे ती तापवून ठेवावी, म्हणजे ऑक्सिजनच्या रिक्त जागा भरून गळतीचा प्रवाह कमी होतो.

त्यानंतर बायस (फिल्मवर दिलेले डीसी व्होल्टेज) शून्यापासून धन बाजूला, तिथून ऋण बाजूला आणि पुन्हा शून्यावर नेत कपॅसिटन्सचा आलेख काढावा. शून्याजवळ एकच शिखर आले आणि जाताना-येतानाच्या रेषा एकमेकींवर बसल्या, तर फिल्म पॅराइलेक्ट्रिक आहे असे मानण्यास हरकत नाही. फुलपाखराच्या पंखांसारखी दोन शिखरे दिसल्यास फेरोइलेक्ट्रिक वर्तन शिल्लक आहे असे समजून स्ट्रॉन्शियम वाढवावे.

लॉसचा हिशेब मात्र फिल्मपाशी थांबवू नये. 1 पिकोफॅरड कपॅसिटरची रिॲक्टन्स (एसी प्रवाहाला होणारा विरोध) 10 गिगाहर्ट्झला सुमारे 16 ओहम असते. प्लॅटिनमच्या पातळ खालच्या इलेक्ट्रोडमुळे 1 ओहम रोध मालिकेत आला, तर त्याचा एकट्याचा लॉस टॅन्जंट (रोध आणि रिॲक्टन्स यांचे गुणोत्तर) सुमारे 0.06 होतो, आणि फिल्मचा स्वतःचा 0.02 असला तरी तो त्यापुढे झाकला जातो. म्हणून 1 मेगाहर्ट्झवरच्या सुंदर आकड्यांवर विसंबून न राहता काम करायच्या फ्रिक्वेन्सीवरच मोजमाप करावे, आणि दोष इलेक्ट्रोडचा असेल तर फिल्मची कृती बदलण्याऐवजी इलेक्ट्रोड जाड करावा किंवा कपॅसिटरची रचना बदलावी.

तयार फेज शिफ्टरची गुणवत्ता अंश प्रति डेसिबलमध्ये सांगतात. 360 अंशांच्या बदलासाठी सर्वाधिक इन्सर्शन लॉस (उपकरणातून जाताना सिग्नलची होणारी घट) 6 डेसिबल असेल, तर उत्तर 60 येते. हा लॉस सर्व बायस स्थितींमधून शोधावा आणि शून्य बायस त्यातून वगळू नये, कारण परमिटिव्हिटी आणि बहुतेकदा फिल्मचा लॉसही तिथेच सर्वाधिक असतो.