स्कूटरमध्ये बदल करताय? आधी परवानगी, मग आरसी, मग विमा

बाजूची जादा चाकं (साइड व्हील) लावली, इंजिन बदललं, पेट्रोलची गाडी इलेक्ट्रिक केली किंवा रंग बदलला, की तीन गोष्टी एकमेकींशी जुळल्या पाहिजेत: प्रत्यक्ष गाडी, आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) आणि विम्याची पॉलिसी. अपघातानंतर विमा कंपनीतर्फे नुकसान तपासणारा सर्व्हेअर पहिल्यांदा हेच ताडून बघतो. इंजिन नंबर पॉलिसीत एक आणि गाडीवर दुसरा निघाला, तर चूक कुणाची हे ठरेपर्यंत क्लेम अडकतो. म्हणून क्रम पाळा. गॅरेजमध्ये काम आधी आणि कागद नंतर, या सवयीमुळेच बहुतेक घोळ होतात.

आधी हे बघा की तुमचा बदल कायद्यात बसतो का. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवून दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलांपेक्षा वेगळी होईल अशी गाडी मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हाच अर्थ उचलून धरला. विनापरवाना बदल केला तर कलम १८२अ खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. प्रत्येक बदलामागे, हे नीट लक्षात घ्या. मोठा आवाज करणारा सायलेन्सर किंवा बोअर (सिलिंडरचा व्यास) वाढवलेलं इंजिन आरसीवर चढवून मिळत नाही. ‘विमा कंपनीला सांगितलं की झालं’ असं काही जण समजतात, पण कंपनीने प्रीमियम घेतला म्हणून बेकायदा बदल कायदेशीर ठरत नाही. अशा गाडीचा एकच उपाय: मूळ पार्ट परत बसवा.

सीट कव्हर, मोबाइल होल्डर, टॉप बॉक्स, क्रॅश गार्ड यांचा आरसीशी संबंध नाही. त्यांचा प्रश्न फक्त विम्यापुरता, त्याबद्दल पुढे.

आरटीओकडून मंजूर होऊ शकणारे बदल मोजके आहेत. साइड व्हील त्यांतला सगळ्यात महत्त्वाचा. दिव्यांग व्यक्तीसाठी गाडी अनुकूलित करून घ्यायची मुभा कायद्यात आहे आणि मंजुरी नंतर घेतली तरी चालते. तरीही किट घेण्याआधी आरटीओत विचारून घ्या, कारण मान्यता नसलेलं किट निरीक्षक नाकारतो आणि पैसे वाया जातात. मंजुरी झाली की आरसीवर गाडीचा वर्ग बदलून अनुकूलित वाहनाचा होतो. चालवणाऱ्याच्या लायसन्सवरही तशा वाहनाची नोंद लागते. ही दुसरी नोंद हमखास राहून जाते, आणि लायसन्सच योग्य नाही या कारणावर क्लेम अडचणीत येतो.

इलेक्ट्रिक करायची असेल तर एआयएस-१२३ या वाहन मानकाप्रमाणे चाचणी होऊन मंजूर झालेलं किटच घ्या आणि ते अधिकृत रेट्रोफिटरकडूनच (असं किट बसवणाऱ्याकडूनच) बसवा. किट तुमच्या मॉडेलसाठी मंजूर आहे का, हे मंजुरीच्या कागदावर स्वतः वाचा. आरसीवर इंधन ‘पेट्रोल’चं ‘इलेक्ट्रिक’ होतं आणि खासगी गाडीला हिरवी नंबर प्लेट येते. थर्ड पार्टीचा प्रीमियम सीसीऐवजी मोटारच्या किलोवॅटवर ठरतो, त्यामुळे जुन्या पॉलिसीवर गाडी तशीच फिरवू नका.

इंजिन बदलताना त्याच मॉडेलचं, त्याच सीसीचं घ्या आणि बिलावर इंजिन नंबर लिहून घ्या. भंगार बाजारातलं बिनबिलाचं इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं तर मामला पोलिसांपर्यंत जातो. रंग बदलणं त्या मानाने सोपं, फक्त ऑलिव्ह ग्रीन नको. तो संरक्षण दलांच्या गाड्यांसाठी राखीव आहे.

गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेची किंवा फायनान्स कंपनीची लेखी संमती सगळ्यांत आधी घ्या. ती नसली की अर्ज खिडकीवरूनच परत येतो. मग परिवहन पोर्टलवर वाहनात बदल करण्याच्या सेवेतून अर्ज आणि फी भरा. सोबत आरसी, चालू विमा, पीयूसी, किट किंवा पार्टचं बिल, मंजुरी प्रमाणपत्र, बसवणाऱ्याचा दाखला, पत्त्याचा पुरावा आणि दिव्यांग प्रमाणपत्र यांतलं जे लागू असेल ते जोडा. बदल झाल्यापासून १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. त्यानंतर गाडी निरीक्षकासमोर न्यावी लागते.

चेसिस छाप (गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या नंबराचा कागदावरचा ठसा) घरूनच नीट काढून न्या. नंबरावरचं ग्रीस आणि माती रॉकेल लावलेल्या फडक्याने पुसा, कोरडं करा, पातळ कागद चिकटपट्टीने ताणून बसवा आणि पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने घासा. १७ अक्षरं मोजून बघा. या नंबरात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत, म्हणजे गोल दिसेल ते शून्य आणि उभी रेघ दिसेल तो एक. पाच आणि एस, आठ आणि बी यांत मात्र गफलत होते. नवी आरसी हातात आली की तिथेच छापाशी अक्षर न् अक्षर ताडून बघा.

आता विमा. नवी आरसी, बिलं आणि चारी बाजूंचे फोटो जोडून कंपनीला ईमेल करा आणि एन्डॉर्समेंट (पॉलिसीत बदल नोंदवणारी पुरवणी) मागा. फोनवर सांगितलेलं धरू नका. कंपनी गाडी बघायला माणूस पाठवू शकते. उरलेल्या मुदतीचा फरक भरल्यावर एन्डॉर्समेंट निघतं, आणि ते निघाल्याच्या तारखेपासून बदलाला संरक्षण मिळतं. तोवर झालेलं नुकसान मागाहून त्यात घालता येत नाही.

जास्तीच्या इलेक्ट्रिकल वस्तूंसाठी आयएमटी २४ हे पॉलिसीला जोडायचं ठरावीक कलम मागा. जुन्या टॅरिफमध्ये (दरपत्रकात) दर किमतीच्या ४ टक्के होता, आता तो कंपनीगणिक बदलतो. इलेक्ट्रिकल नसलेल्या वस्तूंची किंमत वेगळ्या रकान्यात लिहून घ्या. अनुकूलित स्कूटरसाठी आयएमटी १२ आहे: ओन डॅमेजच्या (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) प्रीमियमवर ५० टक्के सूट. अट एकच, आरसीवर तशी नोंद हवी. आरसी आधी आणि विमा नंतर असं सांगण्याचं हेही एक कारण. ही सूट एजंट आपणहून क्वचितच सांगतो, तेव्हा नाव घेऊन मागा.

टू-व्हीलरच्या पॅकेज पॉलिसीत (ओन डॅमेज आणि थर्ड पार्टी दोन्ही असलेल्या) एक कलम फार जणांना माहीत नसतं: नुसती ॲक्सेसरी चोरीला गेली आणि गाडी जागेवर राहिली, तर भरपाई नाही. गाडीसकट गेली तरच तिची किंमत मिळते. तसंच दुरुस्तीच्या क्लेममध्ये रबर, प्लास्टिक, टायर आणि बॅटरीवर ५० टक्के घसारा कापला जातो. इलेक्ट्रिक केलेल्या गाडीत बॅटरी हाच सगळ्यांत महाग भाग, म्हणून झीरो डेप (घसारा न कापण्याचं जादा संरक्षण) घेताना त्यात बॅटरी धरली आहे का, ते लेखी विचारा.

फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर तुमच्या किटचं नुकसान तुमच्याच खिशातून जाईल. तरीही एन्डॉर्समेंट टाळू नका. समोरच्याला इजा झाली आणि पॉलिसीच्या अटींचा भंग सिद्ध झाला, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण कंपनीला आधी भरपाई द्यायला लावून ती मालकाकडून वसूल करायची मुभा देऊ शकतं.

पुढच्या वर्षी ऑनलाइन रिन्यू करताना, विशेषतः कंपनी बदलताना, ॲक्सेसरीजचा रकाना पुन्हा भरावा लागतो. तो रिकामा राहिला तर प्रीमियम कमी दिसतो आणि स्वस्तात पडलं असं वाटतं. पैसे भरण्याआधी जुनं एन्डॉर्समेंट शेजारी ठेवून इंजिन नंबर, इंधन, वर्ग आणि ॲक्सेसरीजची रक्कम या चार ओळी मिळवून घ्या.